क्रेनच्या केबिनमध्ये कोण बसणार?

रात्रपाळी संपवून गेटबाहेर आलं की आम्ही सातआठ जण टपरीवर चहा मारतो. अंगाला ग्रीस, डोळ्यांत झोप, आणि ज्याच्यात्याच्या हातात मोबाईल. परवा एकानं त्यातली बातमी मोठ्यानं वाचली. ड्रायव्हर नसलेली क्रेन. माणूस लांब एका खोलीत खुर्चीवर बसतो, पडद्यावर बघतो आणि यार्डातली पेटी उचलली जाते. पुढं तर म्हणे तो माणूससुद्धा लागणार नाही, सगळं कॉम्प्युटरच ठरवील.

टपरीवर लगेच मतं पडली. एक जण म्हणाला, "आपलं संपलं. चला गावाला, शेण काढू." दुसरा म्हणाला, "गावात आपली जमीन कुठाय? शेणसुद्धा पाटलाचंच काढायला लागंल." तिसरं विशीतलं पोर. ते म्हणालं, "भारी ना यार! एसीत बसून काम." मला चौथं काहीतरी म्हणायचं होतं, पण झोपेनं जमलं नाही. ते इथं लिहितो.

वर्तमानपत्रात तंत्रज्ञानाचं पान वेगळं, धंद्याचं पान वेगळं, समाजाचं पान वेगळं. आमच्या अंगावर ही तिन्ही पानं एकदम येऊन पडतात. म्हणून दोस्तहो, यंत्राची बातमी आपण इंजिनिअरवर आणि शेअरवाल्यांवर सोडून चालणार नाही.

मी दहावी पास. काम लॅशिंगचं. जहाजावर पेट्यांवर पेट्या रचतात. त्या दर्यात हलू नयेत म्हणून लोखंडी रॉड आणि टर्नबकल लावून आवळायच्या, बंदरात आल्या की सोडायच्या. रॉड माणसाहून उंच. ठेकेदाराचा माणूस म्हणून काम करतो. कुठल्या बंदरात ते लिहीत नाही. लिहिलं तर उद्या गेटपास बंद.

माझा आजा मुंबईच्या गोदीत होता. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आला. त्याचा हूक अजून आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. साखरेची शंभर किलोची गोणी, खताची गोणी, गंधक. गंधकाच्या जहाजावरून आला की डोळे लाल व्हायचे आणि आजी पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहायची. मी त्या हूकवर कविता केली होती. घामाचे मोती वगैरे. आज्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मोती असते तर मुकादमानं तेबी नेले असते." त्या दिवसापासून श्रमाची आरती ओवाळणं मी बंद केलं. पाठीवर ओझं वाहण्यात कसली इज्जत नाही. ज्यांनी कधी वाहिलं नाही त्यांनाच त्यात इज्जत दिसते.

म्हणून पहिलं सांगतो, मी यंत्राच्या विरोधात नाही. आता हिशेब बघू.

26 एप्रिल 1956 ला अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज निघालं. त्यावर 58 लोखंडी पेट्या होत्या. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याची ही कल्पना. माल सुटा सुटा भरायला तेव्हा टनाला 5.86 डॉलर पडायचे. पेटीत भरला तर 16 सेंटसुद्धा नाही. जगाचा व्यापार या फरकावर फिरला. कापड, खेळणी, टीव्ही, सगळं स्वस्त झालं. हा पैसा वाचला कुणाच्या हातातून? ज्यांच्या हातात हूक होता त्यांच्या.

पण सगळीकडं सारखं घडलं नाही, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या युनियननं 1960 साली मालकांशी करार केला. यंत्र आणा, पण नोंदलेला माणूस काढायचा नाही, आणि यंत्रानं जे वाचेल त्यातला हिस्सा कामगारांच्या निधीत टाका. साडेपाच वर्षांत मालकांना 2 कोटी 90 लाख डॉलर टाकावे लागले. तो करार काही सोन्याचा नव्हता. नवी पोरं त्यात मागं राहिली, भांडणं झाली. तरी यंत्राच्या नफ्यात कामगाराचा वाटा आहे एवढं कागदावर आलं. ऑक्टोबर 2024 मध्ये पूर्व किनाऱ्यावरचे सुमारे 45 हजार गोदी कामगार तीन दिवस संपावर गेले. सहा वर्षांत 62 टक्के पगारवाढ कबूल करून घेतली, आणि माणूस काढणाऱ्या यंत्रांचा प्रश्न टेबलावर ठेवूनच उठले.

आणि आपल्याकडं? आज्याच्या आधीच्या पिढीला टोळीवाला पोसायचा आणि टोळीवालाच लुटायचा. 1948 ला गोदी कामगारांचा कायदा झाला, 1951 ला मुंबईची योजना आली, डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. नाव नोंदलं, पाळीनं काम मिळू लागलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. हे फुकट मिळालं नव्हतं. मग पेटी आली. माल खाडीच्या पलीकडं गेला. 26 मे 1989 ला न्हावा शेवा सुरू झालं. 2024-25 या एका वर्षात तिथं वीस फुटी मापाच्या 70 लाखांवर पेट्या हलल्या. त्या परिसरात नव्या शहराला आणि बंदराला जमिनी गेल्या म्हणून शेतकरी जानेवारी 1984 मध्ये रस्त्यावर आले. त्यांच्यावर गोळ्या चालल्या आणि पाच जण मेले. पेटीच्या बातमीत हे पाच जण कधी येत नाहीत. टोळीवाला मात्र परत आला. आता त्याला ठेकेदार म्हणतात.

आता जातीकडं येतो. आपले शिकलेले दोस्त मला सांगतात, "मशीनला जात नसते. कोडला जात नसते. एआय आलं की जात आपोआप जाईल." बरं. मुंबईच्या कापड गिरणीत यांत्रिक माग हे त्या काळाचं मोठं तंत्रज्ञानच होतं. साचाखात्यात पगार बरा. पण आपल्या माणसाला तिथं मज्जाव. का? तर शटलमधला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचं शटल दुसरा कसं तोंडाला लावणार? विलायतेहून आगबोटीनं आलेलं यंत्र, त्याच्यावर मनू येऊन बसला. बसवला कोणी? एकट्या मालकानं नाही, शेजारच्या साच्यावरच्या कामगारानंही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांना विचारला, आणि पुढारी अडचणीत आले. हातानं धागा ओवायचं शटल जगात निघालं होतं. यंत्रानं प्रश्न सुटत होता. सोडवायचा नव्हता.

आजचं बघायचं? 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 20 ऑक्टोबर 2023 ला, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना 30 लाख द्या. आधी ही रक्कम 10 लाख होती. हातानं मैला साफ करायला लावणं बंद करणारे कायदे दोन, एक 1993 चा, दुसरा 2013 चा. मॅनहोल साफ करणारं यंत्र केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी 2018 सालीच बनवलं. म्हणजे यंत्र आहे, कायदा आहे, कोर्ट आहे. तरी माणूस उतरतो. तो कुठल्या वस्तीतला असतो ते या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. जिथं आपला माणूस स्वस्त मिळतो तिथं यंत्र येत नाही. जिथं त्याला चार पैसे जास्त मिळायला लागतात तिथं यंत्र धावत येतं.

आणि कोडचं म्हणाल तर, अमेरिकेत जाऊन कोड लिहिणाऱ्यांची जात गेली असती तर सिएटल शहराला फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालायची वेळ आली नसती. कॅलिफोर्नियात तसाच कायदा सभागृहांत पास झाला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये गव्हर्नरनं तो अडवला. जात विमानातून गेली, लॅपटॉपच्या बॅगेत.

आता माझी गोष्ट. आमच्याकडं लांबून चालवायच्या क्रेनचं ट्रेनिंग निघालं. आम्हा ठेक्याच्या पोरांतून दोघं घेणार असं कळलं. मी नाव दिलं. वरच्या माणसानं विचारलं, "पूर्ण नाव?" सांगितलं. "गाव?" सांगितलं. "गावात कुठल्या बाजूला घर?" ही बाजू कशाला पाहिजे क्रेन चालवायला? मग हसत म्हणाला, "तुम्ही लॅशिंगलाच बरे. तुमचं अंग कसलेलं." चार दिवसांनी कळलं की गेलेल्या दोघांतला एक त्याच्याच साडूचा पोरगा. तोही दहावीच. गणितात माझ्यापेक्षा कमी.

शिकायला अवघड असतं तर गोष्ट वेगळी. केरळात विझिंजम बंदर 2 मे 2025 ला रीतसर सुरू झालं. तिथल्या यार्डातल्या क्रेन खोलीत बसून चालवणाऱ्यांत आसपासच्या वस्त्यांतल्या बायका आहेत. त्या बंदराशी मच्छिमारांचं भांडण आहे, 2022 साली ते महिनोनमहिने रस्त्यावर होते, ते मी झाकत नाही. पण कोळ्यांच्या गावातली बाई क्रेन चालवू शकते हे दिसलं ना? शिकवलं की येतं. प्रश्न शिकवायचं कुणाला, हा आहे.

आणखी एक. पेटी बंद असते. तिच्यात काय आहे ते कागदाला माहीत, आम्हाला नाही. 14 एप्रिल 1944, भीमजयंतीचा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग लागली, जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली. 9 जून 2025 ला 'वान हाय 503' हे जहाज कोलंबोहून न्हावा शेवाकडं येताना केरळच्या समुद्रात पेटलं. चार खलाशी बेपत्ता झाले. 81 वर्षांत यंत्र किती पुढं आलं! पेटी आज कुठल्या समुद्रात आहे ते उपग्रह सांगतो. पेटीला हात लावणाऱ्याला आत काय आहे ते कोण सांगतो?

आपल्यात दोन तऱ्हेची माणसं आहेत. युनियनमधले जुने काका म्हणतात, यंत्र आलं की आडवे पडा. काका, तुमच्या लढ्यावर आम्ही जगलो, पण आडवं पडून आम्ही कुठली गोष्ट वाचवणार? लॅशिंगचा रॉड? दुसरे लॅपटॉपवाले भाऊ. ते म्हणतात, काळासोबत चला. भाऊ, काळ एसीत बसलाय, आम्हाला आत घेत नाही.

बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात याचा निकाल लावून ठेवलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की यंत्र वाईट नाही, यंत्र ज्यांच्या मालकीचं आहे ती समाजरचना वाईट. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सुटून फुरसत मिळाली तरच तो माणूस होतो, आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही. चरख्याकडं परत जा म्हणणाऱ्यांना त्यांनी हे सुनावलं. ते मजूर मंत्री असताना कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणण्याचं काम झालं, 1946 चा तो कायदा. आणि आता? यंत्रं शंभरपट वाढली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवडा 48 चाच राहील म्हणतात. बारा तास उभं राहून बघा, मग आठवडा मोजा. मशीन आमची फुरसत कमावतं आणि ती दुसऱ्याच्या खिशात जाते.

पालघरजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. खर्च 76 हजार कोटींच्या वर. लाखो रोजगार म्हणतात. तिथले मच्छिमार आणि आदिवासी विरोधात उभे आहेत. आपण त्यांच्या बाजूला उभं राहायचं. आणि रोजगाराची बातमी वाचली की बोट ठेवून विचारायचं: किती जण रॉड धरणार आणि किती जण केबिनमध्ये? कायम किती, ठेक्यावर किती?

माझं मागणं फार मोठं नाही. ठेक्यातल्या माणसाला ट्रेनिंगचा पहिला हक्क द्या, आणि निवडीची यादी गेटवर लावा, नावानिशी, मार्कांनिशी. यंत्रानं जेवढे तास वाचतील तेवढे आमच्या पाळीतून कमी करा, पगारातून नाही. पेटीत धोक्याचा माल असेल तर हात लावणाऱ्याला त्याच्या भाषेत आधी सांगा. आणि खाजगी बंदरात, खाजगी कंपनीत राखीव जागा. सरकारी गोदी आटली, नोकऱ्या खाजगीत गेल्या, आणि आरक्षण रिकाम्या गोदीत राहिलं.

हे मागायला आपल्याला क्रेन समजली पाहिजे. रात्रपाळीनंतर झोपायच्या आधी अर्धा तास मी मोबाईलवर क्रेनचं शिकतोय. इंग्रजी अडतं. आमच्या वस्तीतली एक आयटीआयवाली पोरगी समजावून सांगते. आता आम्ही चौघं झालो. टपरीवरचं ते विशीतलं पोरही येतं. आज्याच्या हूकखाली बसतो. पुढच्या वेळी ट्रेनिंग निघालं की चौघं एकदम नावं देणार आहोत. पूर्ण नावं. आणि घर गावाच्या कुठल्या बाजूला, ते न विचारताच सांगणार आहोत.

जय भीम.