तारा फुगतो, तारा आक्रसतो



दौंड जंक्शनच्या फलाटावर कधी उभे राहिलात का? न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत जवळ येते, तेव्हा आवाज चिरका लागतो. इंजिन पुढे निघून गेलं, की तोच आवाज एकदम खाली उतरतो. शिरूरच्या आमच्या वर्गात मी हे सांगत होते, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, मला शिट्टी ऐकूच येत नाही. मला हे कसं कळणार?"

मी क्षणभर गप्प झाले. मग तिला फळ्यावर लिहून जॉन गुडरिकची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या या मुलालाही लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. १७८४ साली, विसाव्या वर्षी, तो 'डेल्टा सेफी' हा तारा रात्रीमागून रात्री शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहत होता. त्याचं तेज कमी-जास्त होतं आणि दर ५ दिवस ९ तासांनी तोच क्रम पुन्हा सुरू होतो, हे त्याने शोधलं.

पण तेज बदलतं कशामुळे? ते कळायला ताऱ्याचा प्रकाश इंद्रधनुष्यासारखा फाकवावा लागला. या वर्णपटात बारीक काळ्या रेघा असतात. १८९४ साली रशियाच्या बेलोपोल्स्की यांना या ताऱ्याच्या रेघा मागे-पुढे सरकताना आढळल्या. आधी वाटलं, हा जोडतारा असेल. पण हिशेब केला, तर दुसरा तारा पहिल्याच्या पोटातच फिरायला हवा! १९१४ साली हार्लो शॅपली यांनी सांगितलं, की तारा स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. फुगताना त्याचा पृष्ठभाग आपल्याकडे येतो, म्हणून रेघा जांभळ्या रंगाकडे सरकतात, आक्रसताना तांबड्याकडे. म्हणजे गाडीच्या शिट्टीसारखंच की, फक्त डोळ्यांनी दिसणारं!

आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, गिरवलीला, 'आयुका'ची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. २००६ साली तिचं उद्घाटन झालं. तिच्यातूनही ताऱ्यांचे वर्णपट टिपता येतात.

आता तुमचं काम. सप्टेंबर-ऑक्टोबरात, आभाळ मोकळं असेल तेव्हा, रात्री आठला श्रवण नक्षत्र शोधा. हात लांब करून मूठ धरा. श्रवणापासून दक्षिणेला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर 'ईटा' तारा आहे. श्रवणाच्या दोन बाजूंना दोन तारे दिसतील. त्यांतल्या मंद ताऱ्याशी ईटा ताडून पाहा. कधी तो जास्त तेजस्वी दिसेल, कधी कमी. मात्र रोज पाहा हं! त्याचा फेरा ७ दिवस ४ तासांचा आहे. फक्त दर सोमवारी पाहाल, तर तो जवळपास सारखाच दिसून तुम्हाला फसवेल.

आईबाबांनो, दहा मिनिटं गच्चीवरचा दिवा बंद करा आणि मुलांसोबत बसा. त्या मुलीच्या वहीत नऊ रात्रींच्या नोंदी झाल्या आहेत. तुमच्या वहीत किती?

— तुमच्या बाई