बोअरच्या पाण्यावर झिंगा नको!



शेततळ्यात झिंगा सोडा आणि लाखो कमवा, असे आपल्याला सांगितले जाते. २०२०च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मत्स्यपालनाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानही आहे. झिंग्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो एकरी किती टन, एवढाच हिशेब मांडण्याला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तुटवडा पाण्याचा आहे. मग हजार लिटरमागे किती किलो, हे विचारा!

३० बाय ३० मीटरचे शेततळे घ्या. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी रोज ७,२०० लिटरची वाफ होते. अस्तराचा कागद पाझर थांबवतो, बाष्पीभवन नाही. ही तूट भरायला बोअर चालवला की काळ्या खडकाच्या भेगांत साठलेले पाणी उपसले जाते आणि शेजारच्या विहिरीला कोरड पडते. जायकवाडी धरणाचा मृतसाठा पाहिलेल्या आणि टँकरमागे धावलेल्या गावांना हे वेगळे सांगायला हवे का?

विजेचे तेच. दाट सोडलेल्या झिंग्याला पहाटे प्राणवायू कमी पडतो, एरेटर रात्रभर लागतो. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज आठ-दहा तासच. उरलेले तास डिझेलवर. वर किलोभर व्हेनामी झिंग्याला साधारण दीड किलो खाद्य, आणि त्यात समुद्रातल्याच मासळीची पूड.

किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांनी विहिरी आणि शेते खारी केली, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. आपल्या काळ्या रानात व्हेनामीसाठी खनिज-मीठ घातलेले पाणी सोडले तर ते धुऊन काढायला नदी तरी कुठे वाहती आहे?

मार्ग आहे. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरा. जुलै-ऑगस्टमध्ये रोहू-कटल्यासोबत गोड्या पाण्यातला जंबो झिंगा विरळ सोडा. कडक थंडीआधी विका, आणि तेच खतावलेले पाणी मोसंबीला, हरभऱ्याला द्या. उत्पन्न कमी येईल, पण एकच पाणी दोनदा कामी येईल.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बोअरने भरलेल्या तळ्याला मत्स्यपालनाचे अनुदान देऊ नका. प्रत्येक अनुदानित तळ्यावर पाण्याचे आणि विजेचे मीटर बसवा, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. २००९च्या भूजल अधिनियमाची अंमलबजावणी करा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, हात वर करून मंजूर करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या.