समुद्रातला गोंगाट आणि अंधारातली हाक

समुद्राचे प्रदूषण म्हटले की प्लास्टिक, तेलाचे तवंग, सांडपाणी आठवते. आवाज सहसा आठवत नाही. न्यूझीलंडच्या ‘बिगआय’ या छोट्या माशावरील संशोधनाने मात्र या दुर्लक्षित प्रदूषणाकडे लक्ष वेधले आहे.

मोठ्या डोळ्यांचा हा मासा दिवसा खडकांच्या कपारीत दडतो आणि रात्री विस्कळीत थव्याने प्लवक खायला बाहेर पडतो. अंधारात डोळ्यांना मर्यादा पडतात, तिथे आवाज कामी येतो. ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी या माशांना त्यांच्याच जातीचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा ते एकमेकांच्या जवळ आले आणि स्वतःही अधिक आवाज करू लागले. थवा एकत्र ठेवण्यासाठी मासे हाका मारतात, याचा हा पहिला थेट प्रायोगिक पुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही हाक फार दूर जात नाही. त्यात बोटींच्या इंजिनांची घरघर मिसळली की ती विरून जाते. ऑकलंडलगतच्या हौराकी आखातातील २०१८ च्या अभ्यासानुसार, नेहमीच्या जहाज वाहतुकीमुळे बिगआयचे संवादक्षेत्र ६१.५ टक्क्यांपर्यंत आक्रसते. मोठे व्यापारी जहाज दहा किलोमीटरच्या आत आले, तर ही घट ९९ टक्क्यांपर्यंत जाते.

याची उलट बाजू टाळेबंदीने दाखवली. २६ मार्च २०२० पासून न्यूझीलंडमध्ये हौशी बोटी किनाऱ्याला लागल्या. गजबजलेल्या जलमार्गांतील आवाज पहिल्या बारा तासांत जवळपास एकतृतीयांशावर आला. मासे आणि डॉल्फिन यांच्या हाकेचा पल्ला ६५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचा अंदाज आहे.

इथेच या प्रदूषणाचे वेगळेपण आहे. प्लास्टिक वर्षानुवर्षे उरते. आवाज इंजिन थांबताच संपतो. त्यासाठी वाहतूक बंदच करायला हवी असेही नाही. देवमाशांना धडक बसू नये म्हणून ऑकलंडला येणारी व्यापारी जहाजे २०१३ पासून स्वेच्छेने वेग कमी करून, दहा नॉटच्या आसपास ठेवत आली आहेत. संथ जहाज साधारणतः कमी आवाज करते; म्हणजे देवमाशासाठी केलेला उपाय या छोट्या माशाच्याही उपयोगाचा आहे.

अडचण ‘स्वेच्छा’ या शब्दात आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या पाण्याखालील आवाजाबाबत २०२३ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आणली, पण तीही बंधनकारक नाहीत. शिवाय टाळेबंदीतल्या शांततेत हौशी बोटींचाही वाटा होता, आणि हा वेगाचा करार केवळ व्यापारी जहाजांपुरता आहे. सागरी संरक्षणाचे नियम आखताना किती मासे पकडायचे हे जसे ठरवले जाते, तसेच किती आवाज करायचा हेही आता ठरवायला हवे.