आकड्यांचे भूत

सणासुदीला कडू बोलतो, वाचकहो, क्षमा असावी. माझे एक स्नेही मटक्याचे जुने आकडे वहीत मांडून त्यांत ‘चाल’ शोधतात. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणारा हा मुंबईचा जुगार १९६२ च्या सुमारास मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आला, पुढे पत्त्यांवर. “आठवडाभर सात आला नाही, आज येणारच!” म्हणे. अहो, पत्त्यांना कालची आठवण कुठली? आकडे दहा, बक्षीस नऊपट. म्हणजे सरासरीने दर दहा रुपयांत एक बुडीतच. चाल आकड्यांत नसते, आपल्या डोळ्यांत असते. ढगांत हत्ती दिसला तर मूल हसते; त्याच्यावर कोणी वहिनींच्या पाटल्या लावीत नाही! यंदा लक्ष्मीपूजनाला सगळ्या वह्या पुजा. ही एक मात्र बंबात घाला.