उडालेल्या पक्ष्यांचा फोटो



मे महिन्यातल्या एका शनिवारी मी मराठीच्या वर्गाला दांडी मारली. म्हणजे मुलीला सोडायची पाळी बायकोवर ढकलली आणि मित्राबरोबर टेसल बेटावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो. त्यातला एक फोटो या अंकाच्या मुखपृष्ठासाठी मागितला होता. मी दिला नाही. (तसेही आपल्या झेरॉक्स मशीनने त्यातल्या पक्ष्यांचे काळे ठिपकेच केले असते!) पण कारण वेगळे आहे.

डेन हेल्डरहून फेरीबोटीने वीस मिनिटांत टेसल येते. बेटाच्या पूर्व किनाऱ्याला, समुद्राच्या बांधालगत वाखयोट नावाचे पाणथळ आहे. रस्त्याकडेला गाडी उभी करायची, काच खाली करायची आणि आत बसूनच पाहायचे. मित्राने भरतीची वेळ आधीच पाहून ठेवली होती. ओहोटीला हे पक्षी वाडन समुद्राच्या चिखलात किडे आणि शिंपले टिपत दूरवर पांगलेले असतात. भरतीला चिखल बुडतो, मग ते जवळच्या कोरड्या जागेवर दाटीवाटीने येऊन विश्रांती घेतात.

त्या दिवशी शेकडो रोसे ग्रुटो होते. लांब चोचीचे, विटकरी रंगाचे. यांच्यातले बरेचसे हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतात. तिथून चारएक हजार किलोमीटर उडून वाडनला येतात, महिनाभर खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि तेवढ्याच लांब सैबेरियाला अंडी घालायला जातात. २०२२ साली याच जातीचे जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, ११ दिवसांत, कुठेही न उतरता गेले. चरबी हेच त्यांचे पेट्रोल.

हे सगळे मित्राने मला गाडीत सांगितले होते. तरी मी दार उघडून खाली उतरलो. गाडीतून फोटो चांगले येत होते, पण मला आणखी जवळचा हवा होता. दहा-बारा पावले कुंपणाकडे गेलो आणि सगळा थवा एकदम उठला. मी बटण दाबतच राहिलो. मित्र रागावला नाही. "आता बस गाडीत," एवढेच म्हणाला. परत उतरायला त्यांना बराच वेळ लागला आणि बरेचसे उतरलेच नाहीत.

फोटो मात्र अप्रतिम आला. पुण्याहून मामेभावाने "काय टायमिंग!" म्हणून कळवले. संध्याकाळी मुलीला सगळे फोटो दाखवले. लेपलारला मराठीत 'चमचा' म्हणतात हे ऐकून ती खूप हसली; 'लेपल' म्हणजेही चमचाच, हे तिलाच सुचले. मग हा फोटो आला. "बाबा, हे का उडाले?" मी म्हणालो, "ओहोटी लागली असेल." भरती तेव्हा पुरती चढलेलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला खरे सांगितले.

एकदा उडाले तर काय बिघडते, असे काही पालक म्हणतील. आमच्या धंद्यात सर्व्हर एका माणसाने कधी बसत नाही. प्रत्येकाला वाटते आपण एकटेच आहोत. त्या सकाळी रस्त्यावर आमच्याखेरीज सहा गाड्या होत्या आणि प्रत्येकीतून एक लेन्स बाहेर आलेली होती. गाडी आणि सायकल यांची पक्ष्यांना सवय असते, चालत जवळ येणाऱ्या माणसाची नसते. मुंबईत शिवडीला रोहित पाहायला आम्ही कॉलेजातून जायचो, तेव्हा धक्क्यापुढे गुडघाभर चिखल असे. जवळ जायचा प्रश्नच नव्हता! इथे पुढे गवत होते आणि माझ्या पायात चांगले बूट.

सप्टेंबरात वर्गाची सहल टेसलला न्यायचे घाटते आहे. तेव्हा हे पक्षी परतीच्या वाटेवर असतील. माझे मत असे, की मुलांच्या हाती कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणी द्याव्यात, भरतीची वेळ गाठावी आणि पाणथळाशी कोणीही, पालकांनीसुद्धा, गाडीतून उतरू नये. मी दाराला हात लावला तर मोठ्याने ओरडणार, असे मुलीने आत्ताच बजावून ठेवले आहे.