बेटकुळ्यांची गाडी



या खेपेस नाशिकच्या एका भगिनींचं पत्र घेतलं आहे. त्यांचा मुलगा आणि सून अमेरिकेत, डेट्रॉइट शहराजवळ राहतात. घरात आठ महिन्यांची नात आहे. रोजच्या वापराला चांगली नवी गाडी दारात असताना मुलानं साठवलेल्या पैशांतून १९६६ सालची पाँटिॲक जीटीओ घेतली. सूनबाईंचा फोन आला, "आई, हा बाळाला त्या गाडीतून फिरवायचं म्हणतोय. तुम्हीच सांगा त्याला." मुलाचं म्हणणं, "आई, आजकालच्या गाड्यांना जीवच नाही गं. आणि ही सगळी पोलादी आहे, रणगाड्यासारखी. काही होत नाही." बाई मे महिन्यात तिकडे निघाल्या आहेत. त्या विचारतात, "मी समजूत काढू ती मुलाची की सुनेची? मला तर गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही."

कळत नाही कसं? पंपाचा स्टोव्ह वापरलाय ना तुम्ही? मग निम्मं कळलंच म्हणायचं.

आधी ही गाडी काय चीज आहे ते पाहू. तिकडे या जातीला 'मसल कार' म्हणतात. दंड वाकवून बेटकुळी दाखवणारा पोरगा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. मध्यम आकाराची, दोन दारांची, दिसायला घरगुती गाडी, आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन. याची सुरुवात झाली ती १९६४ साली, याच पाँटिॲक जीटीओपासून, असं बहुतेक जाणकार मानतात. जनरल मोटर्स ही मूळ कंपनी. तिचा नियम असा होता की मध्यम गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. मोठं इंजिन गाडीबरोबर न देता, गिऱ्हाइकानं मागितलं तर सुमारे २९५ डॉलर जादा घेऊन द्यायचं! घरात तळण बंद म्हणून सासूबाईंनी फर्मान काढावं आणि धाकट्या जावेनं 'हे तोंडी लावणं आहे' म्हणून भजी वाढावीत, तसलाच हा प्रकार. भजी खपली. १९६६ या एका वर्षात जवळजवळ ९७ हजार जीटीओ विकल्या गेल्या.

इंजिन केवढं? आपली मारुती ८०० आठवा. तिचं इंजिन ७९६ सीसीचं. या जीटीओचं ६,४०० सीसीच्या आसपास. आठ मारुत्यांची इंजिनं एकत्र बांधावीत तेवढं. पेट्रोल लिटरला चार-पाच किलोमीटर, म्हणजे पिते म्हणण्यापेक्षा ढोसते म्हणावं!

आता मुलगा 'जीव' म्हणतो तो कशाला? त्याचं अगदीच खोटं नाही बरं का. पंपाचा स्टोव्ह कसा होता? काकडा पेटवा, बर्नर तापू द्या, मग हवा भरा, भोक तुंबलं तर पिन मारा. त्याच्या घरघरीवरून आतल्या खोलीतून कळायचं, हवा कमी झाली की जास्त. ही गाडी तशीच. थंडीत सुरू करायची तर आधी पायानं पेट्रोल द्यायचं, किती ते तिच्या मर्जीवर. इंजिनात हवा आणि पेट्रोल किती मिसळायचं हे कार्ब्युरेटर नावाचं भांडं ठरवतं, आणि हवा पालटली की त्याचा नूर पालटतो. आठ सिलिंडर चार-चार करून दोन बाजूंना बसवलेले. एकेका बाजूचे बार सारख्या अंतरानं उडत नाहीत, म्हणून उभ्या गाडीचा आवाज एकसुरी न येता गुडगुड, थबकत, पुन्हा गुडगुड असा येतो. सबंध गाडी त्याबरोबर हलते. चालवणाऱ्याच्या हाताला, पायाला, नाकाला ती सारखी काहीतरी सांगत असते. पुढचा भाग जड, टायर अरुंद. सरळ रस्त्यावर वाघीण आणि वळणावर म्हैस!

आजची गाडी यातलं काही तुमच्यापर्यंत येऊच देत नाही. बटण दाबा, निघा. पेट्रोल किती, ठिणगी कधी, घसरणारं चाक कोणतं, हे सारं आतला संगणक पाहतो. वेगात म्हणाल तर २०१८ ते २०२४ या काळातली सहा सिलिंडरची टोयोटा कॅमरी, जिच्यातून लोक भाजी आणायला जातात, ती शर्यतीत या वाघिणीच्या मागे राहायची नाही. पण तिची आठवण कोण काढणार? कंपन्यांनाही ते कळतं. डॉजनं २०२४ साली विजेवर चालणारी चार्जर काढली, तिला इंजिनच नाही, म्हणून गुरगुरण्याचा कृत्रिम आवाज काढणारं यंत्र बसवलं. मला विचाराल तर हा केवड्याचा इसेन्स झाला. वास येतो, पण केवडा नव्हे.

आणि हे फक्त पुरुषांचं वेड, असंही समजू नका. सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींत, सगळ्यांत वेगवान गाड्यांच्या गटात, शर्ली मल्डाउनी या बाईनं १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा अजिंक्यपदं मिळवली. तेव्हा सूनबाईंनाही एकदा मोकळ्या रस्त्यावर चाक हाती घेऊ द्या. राग निम्मा उतरेल कदाचित.

पण स्टोव्हचा भडकाही आपणच पाहिलाय. त्याला स्वभाव होता म्हणून कोणी पाळण्याशेजारी ठेवला नाही.

'पोलादी, काही होत नाही' हे मात्र साफ चूक, आणि ते मुलाला तुम्हीच सांगा. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनं एक प्रयोग केला. १९५९ सालची शेव्हरले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरले मालिबू, दोन्हींत बाहुले बसवून ताशी ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर धडकवल्या. जुन्या गाडीत चालकाची जागाच चेपली. खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या माणसाच्या पावलाला फार तर इजा झाली असती. तुमच्या मुलाची गाडी त्या बेल एअरनंतर सात वर्षांची, सांगाडाही निराळा. पण धक्का गाडीच्या नाकानं सोसायचा आणि माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही, हा विचार त्या वेळच्या अमेरिकन गाड्यांत जवळजवळ नव्हताच. आजची गाडी पुढून चुरगळते ती मुद्दाम. आपण म्हणतो, "पत्रा बघा कसा पापडासारखा!" अहो, तो पापड मोडतो म्हणून माणूस मोडत नाही.

१९६६ च्या जीटीओत ब्रेक चारही चाकांना जुन्या ड्रमचे, आणि चारहींना मिळून तेलाची एकच वाट. ती कुठं फुटली तर पायाखाली काहीच उरत नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळसोट. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीशी. हवेच्या पिशव्या नाहीत. पट्टे नुसते कमरेचे. बाळाची खुर्ची अडकवायच्या खास कड्या तिकडच्या सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीच्या झाल्या त्या सप्टेंबर २००२ पासून. ब्रेक आणि पट्टे बदलून घेता येतात. पुढे डिस्क ब्रेक, तेलाच्या दोन वाटा, खांद्यावरून येणारे पट्टे. मुलानं हे केलंय का, हे पहिल्याच दिवशी विचारा. केलं नसेल तर पुढचा खर्च रंगावर आणि चकचकीत चाकांवर न करता यावर करायला लावा. पण हे सगळं केलं तरी ती गाडी २०२० सालची होत नाही. बाळाला तिच्यात बसवायचं नाही. इथं सुनेचं म्हणणं खरं आहे, आणि ते तुम्ही मुलासमोर, सुनेच्या देखत म्हणावं. मागाहून तिला एकटीला 'तुझं बरोबर होतं गं' म्हणण्यात काय राम आहे? मात्र 'गाडी विकून टाक' असं म्हणू नका. कष्टाचे पैसे आहेत, हौस आहे, आणि स्वतःपुरता धोका समजून-उमजून घ्यायला तो जाणता आहे. विमा हेही एक साधन तुमच्या हाती आहे. अशा गाड्यांच्या खास विम्यात त्या रोजच्या कामाला वापरायच्या नाहीत, अशी अट बहुधा असते. म्हणजे पाळणाघर, डॉक्टर, बाजार हे सगळं आपोआप नव्या गाडीकडे जातं.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण मला जास्त भिववते. तिकडे गॅरेज बहुधा घराला चिकटूनच असतं, मधे एक दार. आजच्या गाडीचा धूर बाहेर पडण्याआधी जाळीतून पुष्कळसा शुद्ध होतो. या गाडीला ती जाळीच नाही. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर; त्याला ना वास, ना रंग, आणि तो दाराच्या फटीतून घरात शिरतो. तेव्हा 'जरा गरम होऊ दे' म्हणून गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, शटर उघडं असलं तरी नाही. आधी गाडी बाहेर काढायची, मग काय गुडगुडायचं ते गुडगुडू दे. बाळाच्या खोलीबाहेर या वायूची सूचना देणारी घंटा आहे का आणि तिची बॅटरी चालू आहे का, तेही पाहून घ्या. नुसत्या उभ्या गाडीलाही पेट्रोलचा थोडा वास येतो. तेव्हाच्या टाक्या तशाच. पण वास वाढला तर रबरी नळ्या तपासायला सांगा. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. गॅरेजातच गॅसचा बंब असेल, तर या बाबतीत एक दिवसही चालढकल नको.

मुक्काम ऑगस्टपर्यंत असला तर फार छान. दर वर्षी त्या महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर अशा जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते, १९९५ पासून. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं चोरून शर्यती लावायची. मुलगा गाडी घेऊन मिरवणुकीत जाऊ दे. तुम्ही, सूनबाई आणि नात नव्या गाडीनं जा आणि कडेला सावली धरून बसा. घडीच्या खुर्च्या, पाणी, बाळाची टोपी बरोबर असू द्या. बाळाच्या कानांवर घालायला आवाज रोखणारी मऊ झाकणं मिळतात, ती आधीच आणून ठेवा. कापसाचे बोळे नकोत. आणि मुलगा समोरून गेला की हात जरूर हलवा. त्याच्या गाडीच्या आवाजात तुमची हाक काही त्याला ऐकू जायची नाही.