टोकन भरलं, म्हणजे नेमकं काय मिळालं?

३ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी ११ वाजता महिंद्राच्या थार रॉक्सचं बुकिंग सुरू झालं आणि पहिल्या ६० मिनिटांत १,७६,२१८ बुकिंग झाली. टोकन होतं २१ हजार रुपये. त्याआधी ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनच्या वेळी तर पहिल्या मिनिटातच २५ हजारांचा आकडा पार झाला होता. आणि सुरुवातीची खास किंमत होती फक्त पहिल्या २५ हजार लोकांसाठी! म्हणजे ओटीपी यायला जरा उशीर झाला, की ऑफर हातातून गेली.

गाडीसाठी नंबर लावणं आपल्या घरांना नवीन नाही. आजोबांना बजाजच्या चेतकबद्दल विचारून बघा. स्कूटरसाठी कित्येक वर्षं थांबावं लागायचं. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले, तर नंबर लवकर लागायचा, त्यामुळे अमेरिकेतल्या मामाचा भाव एकदम वाढायचा. २००९ मध्ये नॅनोसाठी दोन लाखांवर अर्ज आले, तेव्हा पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या ते कॉम्प्युटरवर सोडत काढून ठरवलं. ते मला बरं वाटतं. निदान नियम सगळ्यांना माहीत होता.

आता रांग दिसतच नाही. मोबाइलवर एक मेसेज येतो, ‘अभिनंदन’ म्हणतो आणि आपण लगेच फॅमिली ग्रुपवर टाकतो. पण त्या टोकनच्या बदल्यात आपल्याला मिळते ती फक्त रांगेतली जागा. किंमत पक्की होत नाही आणि तारीखही नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, की बिल ज्या दिवशी होईल त्या दिवशीची किंमत लागू. हे कधीकधी आपल्या फायद्याचंही ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ऑगस्टमध्ये बुकिंग करून थांबलेल्यांनाही कमी कर लागला, कारण त्यांचं बिल अजून व्हायचं होतं. पण वाट बघताना कंपनीने दर वाढवले, तर तोच नियम आपल्या खिशाला लागतो.

म्हणून टोकन भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: बुकिंग रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात का, किती दिवसांत मिळतात, आणि मध्येच रंग किंवा व्हेरियंट बदलला तर नंबर मागे जातो का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. घरात रंगावरून दोन गट पडणार हे माहीत असताना तर विसरूच नये.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. गाडी बाजारात यायच्या आधीच काही शोरूम ‘अनऑफिशियल’ बुकिंग घेतात. सेल्समन डायरीत नाव लिहितो, वर ‘तुमचा नंबर पहिल्या दहात’ असं सांगतो. पण कंपनी गाड्या पाठवते ते तिच्या सिस्टिममधल्या नोंदी बघून. तिथला बुकिंग नंबर हातात येईपर्यंत त्या डायरीला काही अर्थ नाही. पैसे कंपनीच्या किंवा डीलरच्या फर्मच्या खात्यातच भरा, सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीच नाही, मग तो कितीही गोड बोलो.

माझे काका-काकू इंदूरला राहतात. काका गेल्या वर्षी रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी एक नवीन आलेली गाडी बुक केली. चार महिने थांबल्यावर शोरूममधून फोन आला, गाडी आली आहे, पण ३८ हजारांचं अ‍ॅक्सेसरी पॅकेज घ्यावं लागेल. काका तयार झाले होते. दसऱ्याला गाडी दारात हवी होती ना! काकू मात्र शोरूममध्ये जाऊन बसल्या.

“मॅडम, सगळेच घेतात. नाही घेतलं तर गाडी पुढच्या कस्टमरला जाईल,” सेल्समन म्हणाला.

“चालेल. फक्त हेच मला ईमेलवर लिहून द्या, म्हणजे कंपनीला विचारता येईल,” काकू म्हणाल्या.

ईमेल काही आला नाही. दोन दिवसांनी पॅकेजशिवाय गाडी तयार असल्याचा फोन आला. ‘लिहून द्या’ एवढे दोन शब्द, पण घरातल्या मोठ्या माणसांना ते म्हणायचा संकोच वाटतो, समोरचा पोरगा दुखावेल म्हणून.

कोटेशनही एकरकमी घेऊ नका. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग, सगळं वेगवेगळं लिहून मागा. त्यात ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ असं काही दिसलं, तर तो सरकारी कर नाही हे लक्षात ठेवा आणि काढायला सांगा. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही. नव्या कारला तीन वर्षांचा आणि टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो कुठून घ्यायचा हे आपण ठरवायचं. तुलना करताना मात्र आयडीव्ही आणि झिरो डेप दोन्हीकडे सारखं आहे ना, ते बघा. नाहीतर स्वस्त पॉलिसी नुसती दिसायलाच स्वस्त असते.

गाडी १० लाखांच्या वर असेल, तर १ टक्का टीसीएस कापला जातो. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मागता येतो. ज्येष्ठ मंडळी ‘आता कुठे उत्पन्न आहे’ म्हणून रिटर्न भरत नाहीत आणि हे पैसे तसेच राहतात. १५ लाखांच्या गाडीवर १५ हजार, थोडे नाहीत!

गाडी बघायची ती रजिस्ट्रेशनच्या आधी. नावावर झाल्यावर ‘नको’ म्हणणं फार अवघड जातं. दिवसाउजेडी जा, चासी नंबर बिलाशी जुळवा, किलोमीटर बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. हे काम घरातल्या मुलांना द्या, ती खूश होऊन शोधतात. चार टायरांवर फार वेगवेगळ्या तारखा निघाल्या, तर कारण विचारा.

एवढं करूनही डीलर टोकन परत द्यायला टाळाटाळ करत असेल, तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फीसुद्धा लागत नाही.

आणि ज्यांची नोकरी बदलीची आहे, आज बडोदा तर उद्या बेंगळुरू, त्यांनी बुकिंगच्या वेळीच बीएच सीरिजबद्दल विचारावं. सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना हा नंबर मिळू शकतो. रोड टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. खासगी नोकरी असेल तर ऑफिसकडून फॉर्म ६० घ्यावा लागतो. एचआरकडून तो यायलाही बरेच दिवस जातात, तेव्हा गाडीची वाट बघता बघता तेवढं काम उरकून घ्या.